अलिबाग, वैद्यकीय पर्यटन आणि आपली मुलेमुली

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय संस्थेनेच मला दिला आहे. अलिबागसारखे समुद्रकाठचे शहर वैद्यकीय पर्यटनाचे ठिकाण होऊ शकेल काय, आणि होणार असेल तर त्यात आपल्या समाजाचा वाटा कोणता, असा तो विषय. माझी नोकरीची सारी वर्षे रुग्णालयाच्या कचेरीत गेली. मी डॉक्टर नाही. परंतु रुग्णालय कशावर चालते आणि कशामुळे बंद पडते, हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्याच अनुभवावर बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अटल सेतू २०२४ साली खुला झाला, नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागली, आणि तेव्हापासून आपल्या भागात ज्याला त्याला जमिनीचे वेड लागले आहे. कोणी म्हणतो येथे मोठे रुग्णालय येणार, कोणी म्हणतो परदेशी रुग्णांसाठी वसाहत होणार. हे बोलणारा मनुष्य बहुधा जमिनीचा दलाल असतो. मी आज जमिनीविषयी बोलणार नाही. मनुष्यबळाविषयी बोलणार आहे, कारण रुग्णालयात इमारत ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, आणि माणूस ही सर्वांत कठीण.

वैद्यकीय पर्यटन म्हणजे उपचारासाठी आपला देश किंवा गाव सोडून दुसरीकडे जाणे. शब्द नवा आहे, वहिवाट जुनी आहे. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. आखातात नोकरी करणारा आपला मनुष्य दोन वर्षांनी रजेवर येतो. पहिले आठ दिवस पाहुण्यांत जातात. मग तो काय करतो? दात दुरुस्त करून घेतो, कारण तिकडे दाताचे काम बहुधा विम्यात बसत नाही. नवा चष्मा करतो. आईचा मोतीबिंदू काढून घेतो, वडिलांच्या साखरेची तपासणी करतो, बायकोचे एखादे लांबलेले ऑपरेशन उरकतो. त्यासाठी तो मुंबईला जातो, नातेवाइकांच्या दोन खोल्यांत आठ-दहा दिवस राहतो आणि रजेचा निम्मा पैसा तेथे खर्च करून परत येतो. लंडनहून आणि दक्षिण आफ्रिकेहून येणारे कोकणी कुटुंबही हेच करते. हेच वैद्यकीय पर्यटन होय. फरक इतकाच की, पर्यटक आपला, गाव आपले, आणि पैसा मात्र दुसऱ्या गावात जातो.

मुंबईत हा व्यवहार फार जुना आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पावसाळा सुरू झाला की कुलाब्याच्या हॉटेलांत अरब कुटुंबे उतरत. त्यांना पावसाचे कौतुक होते हे खरे, पण त्यांतील कित्येकजण उपचारासाठीच येत असत. त्यांच्यामुळे टॅक्सीवाल्यांना, दुभाष्यांना, खानावळवाल्यांना, औषधांच्या दुकानांना काम मिळाले. पुढे आखाती देशांनी स्वतःची रुग्णालये उभारली आणि इतर देशही या धंद्यात उतरले.

त्या इतर देशांकडे थोडे पाहू. थायलंडची राजधानी बँकॉक येथे बुमरुंगराड नावाचे रुग्णालय १९८० साली सुरू झाले. १९९७ च्या आरंभी त्यांनी मोठी नवी इमारत उघडली, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात थायलंडचे चलन कोसळले. देशातील सुखवस्तू रुग्णांच्या हाती पैसा उरला नाही. खाटा रिकाम्या पडल्या. तेव्हा त्या लोकांनी परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला, कारण परदेशी माणसाला तेच उपचार आता निम्म्या किमतीत पडत होते. त्यांनी अरबी बोलणारे दुभाषे नेमले, हलाल स्वयंपाकघर केले, आणि २००२ साली जेसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेचे गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळवले. आशियात ते प्रथम त्यांनीच मिळवले. आपल्या देशात हे प्रमाणपत्र पहिल्यांदा २००५ साली दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला मिळाले. म्हणजे अडचणीतून हा धंदा निघाला आणि शिस्तीमुळे तो टिकला. समुद्रकिनारा त्यात कोठेही नव्हता.

समुद्रकिनारा आहे तो मलेशियाच्या पेनांग बेटावर. तेथे बातू फेरिंगीचा किनारा हॉटेलांनी भरलेला आहे, आणि शहरात जुनी धर्मादाय रुग्णालये आहेत. त्यांतील ॲडव्हेंटिस्ट रुग्णालय १९२४ पासूनचे. तेथे येणारे परदेशी रुग्ण मुख्यत्वे इंडोनेशियाचे आणि त्यातही सुमात्रा बेटावरील मेदान शहराकडचे असतात. विमानाने तासाभराचे अंतर, भाषा जवळजवळ एकच, जेवण ओळखीचे. हे रुग्ण किनारा पाहायला येत नाहीत. आपल्या गावच्या डॉक्टरने नीट सांगितले नाही, ते कोणीतरी नीट सांगेल या आशेने येतात. मला पेनांगचे उदाहरण अलिबागला अधिक जवळचे वाटते. जवळचे मोठे शहर, ओळखीची भाषा आणि विश्वास, या तीन गोष्टींवर ते चालले आहे.

आपल्याच देशातील एक उदाहरण सांगून पुढे जातो. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल हे लहान गाव. पी. एस. वारियर या वैद्यांनी १९०२ साली तेथे आर्य वैद्यशाळा काढली. जिल्ह्यात मुस्लिमांची वस्ती बहुसंख्य आहे, आणि आखातातून येणारे रुग्ण तेथे आयुर्वेदाचे उपचार घेतात. गावात समुद्र नाही. सव्वाशे वर्षांची सचोटी आहे.

आता आकड्याकडे. २०१९ साली वैद्यकीय कारणासाठी भारतात आलेल्या परदेशी लोकांची संख्या सुमारे सात लाख होती. कोरोनाच्या काळात ती अगदी खाली गेली आणि नंतर पुन्हा वर चढली. यातील सर्वांत मोठा भाग बांगलादेशचा, आणि ते रुग्ण मुख्यतः कोलकाता, चेन्नई, वेल्लोर अशा ठिकाणी जात आले. २०२४ साली तेथे सत्तापालट झाला, व्हिसा देणे आखडले, आणि कोलकात्यात ज्या गल्ल्यांतील लॉज केवळ या रुग्णांवर चालत होते ते ओस पडले. सांगायचा मुद्दा हा की, एका देशाच्या रुग्णावर विसंबून सारे गाव उभे करणे धोक्याचे आहे. व्हिसा आपल्या हातात नसतो.

हे सारे लक्षात घेऊन अलिबागकडे पाहिले पाहिजे.

अलिबागची निवड शास्त्रीय कामासाठी यापूर्वी एकदा झालेली आहे, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्या विजेचा अडथळा मोजणीला होऊ नये म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. आजही ती वेधशाळा तेथे आहे. म्हणजे मुंबईपासून जवळ, पण मुंबईच्या गडबडीपासून दूर, या एका गुणासाठी अलिबाग तेव्हा निवडले गेले. आज आपण ज्या कामाचा विचार करत आहोत त्यालाही हाच गुण उपयोगी आहे.

अलिबागेत मुंबईशी स्पर्धा करणारे हृदयाचे किंवा कर्करोगाचे रुग्णालय व्हावे, असे मला मुळीच वाटत नाही. तसल्या ऑपरेशनला रक्तपेढी, चोवीस तास भूलतज्ज्ञ, दहा प्रकारचे विशेषज्ञ आणि रोजची भरपूर कामे लागतात. जो सर्जन महिन्याला शंभर ऑपरेशने करतो त्याचा हात, महिन्याला चार करणाऱ्यापेक्षा अधिक सफाईचा असणारच. ते काम मुंबईने करावे. परंतु ऑपरेशन झाल्यावर काय?

गुडघा बदलण्याचे ऑपरेशन घ्या. रुग्णालयात मनुष्य चार-पाच दिवस राहतो. टाके काढायला दोन आठवडे लागतात. त्या काळात रोज व्यायाम करून घ्यावा लागतो, नाहीतर सांधा आखडतो आणि लाखो रुपयांचे ऑपरेशन वाया जाते. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर लगेच लांबच्या विमानप्रवासाला परवानगी देत नाहीत. मग मस्कतहून किंवा नैरोबीहून आलेला वृद्ध मनुष्य हे दोन-तीन आठवडे कोठे काढतो? मुंबईतील हॉटेलच्या खोलीत, एकटा, लिफ्टच्या भरवशावर. अर्धांगवायूच्या रुग्णाला तर महिनेच्या महिने व्यायाम आणि बोलण्याचे शिक्षण द्यावे लागते. हीच पोकळी अलिबाग भरून काढू शकते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे, तासाभराचा प्रवास आहे. रुग्णाची गाडी बोटीवरूनच खाडीपलीकडे येऊ शकते. शहरात जिल्हा रुग्णालय आहे, आणि त्याला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आता चालू आहे. त्यामुळे रात्री-अपरात्री काही कमीजास्त झाले तर मदतीला डॉक्टर आहेत. याशिवाय दात, डोळे, सर्वसाधारण तपासणी, फिजिओथेरपी आणि सुट्टीवर आलेल्या रुग्णाचे डायलिसिस, ही कामे येथे उत्तम होऊ शकतात. मुंबईचा जो मनुष्य आठवड्यातून तीनदा डायलिसिसला बांधलेला आहे, तो सहलीला जाऊच शकत नाही. त्याला समुद्रकाठी चार दिवस राहून उपचारही मिळाला तर तो का येणार नाही?

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रुग्णाला खोली दिली म्हणजे रुग्णालय होत नाही. आपल्याकडे पुष्कळांनी घराच्या वर दोन खोल्या काढून पर्यटकांना दिल्या आहेत. त्यांतील किती खोल्यांत चाकाची खुर्ची शिरेल? न्हाणीघराचा दरवाजा दोन फुटांचा, उंबरा चार इंच, जमीन गुळगुळीत लादीची. नवा गुडघा बसवलेला मनुष्य पहिल्याच दिवशी घसरून पडेल. आणि तेथे सलाईन लावले, इंजेक्शने दिली, रुग्णाची शुश्रूषा केली, तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली नोंदणी करावी लागते. परदेशी रुग्ण ठेवला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. हे कायदे त्रास म्हणून पाहू नयेत. ज्याला हे कागद नीट ठेवता येतात त्याच्याकडेच परदेशी मनुष्य विश्वासाने येतो.

आता उणिवा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात आणि रो-रो बोटही हवामान बिघडले की थांबते. मग वडखळमार्गे रस्ता. त्या रस्त्याची आणि मुंबई-गोवा महामार्गाची कथा येथे जमलेल्या प्रत्येकाला पाठ आहे, ती मी सांगत बसत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. मुरूड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णाला दहा मिनिटेही विजेवाचून ठेवता येत नाही. तेव्हा जो कोणी येथे रुग्णशय्या टाकील त्याने जनरेटर, डिझेलचा साठा आणि प्राणवायूची सोय ही आधी केली पाहिजे आणि बाग नंतर. पाण्याचेही तसेच. मे महिन्यात पर्यटक वाढतात आणि त्याच वेळी विहिरी तळ गाठतात. डायलिसिसच्या एका वेळेला शंभर लिटरांहून अधिक शुद्ध केलेले पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना आणखी पाणी वाया जाते. हा हिशेब कोणी केला आहे काय?

कचऱ्याबद्दल दोन शब्द. रुग्णालयातील रक्ताळलेला कापूस, सुया, नळ्या यांसाठी २०१६ चे नियम आहेत. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वेगवेगळी भांडी असतात आणि तो कचरा ठराविक केंद्रावरच नष्ट करावा लागतो. कोणी तो खाडीत सोडला, तर पहिला मार कोळी बांधवांना बसेल आणि दुसरा पर्यटनाला. ग्रामसभेत याबद्दल प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो वापरावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न स्थानिक रुग्णाचा. उद्या येथे परदेशी रुग्णांसाठी सुसज्ज केंद्र झाले आणि आपल्याच गावच्या बाईला प्रसूतीसाठी पनवेल गाठावे लागले, तर ते केंद्र आपल्या काय कामाचे? थायलंडमध्ये हेच झाले असे तेथील लोक सांगतात. अधिक पगारासाठी सरकारी रुग्णालयांतील डॉक्टर आणि परिचारिका खाजगीत गेले आणि खेड्यांत तुटवडा पडला. आपल्याकडे यावर थोडाफार उपाय कायद्यात आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो. महाराष्ट्रात धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. येथे जो कोणी रुग्णालय काढील, तो न्यास आहे की कंपनी, आणि या योजनेत सामील होणार आहे की नाही, हे प्रश्न पायाभरणीच्या दिवशी विचारावेत. उद्‌घाटनानंतर विचारून उपयोग नसतो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि येथे पालकांनी, विशेषतः मातांनी, लक्ष द्यावे.

अतिदक्षता विभागात श्वासयंत्रावरच्या रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. दिवसाच्या पाळ्या तीन. म्हणजे अशा दहा खाटांसाठी दिवसाला तीस परिचारिका. त्यांची साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण धरले तर चाळीसएक जणींची नेमणूक करावी लागते. केवळ दहा खाटांसाठी चाळीस! त्याशिवाय ऑपरेशन थिएटरचे तंत्रज्ञ, रक्त तपासणारे, क्ष-किरण काढणारे, डायलिसिसचे यंत्र सांभाळणारे, फिजिओथेरपिस्ट, औषध देणारे, नोंदी ठेवणारे, आहार ठरवणारे. डॉक्टर या सर्वांच्या मानाने मूठभर असतात. आपण मात्र मुलाला डॉक्टर किंवा इंजिनिअर करायचे, ते जमले नाही तर दुबईला पाठवायचे, एवढ्या दोनच वाटा ओळखतो. आणि मुलीला डी.एड., फार तर बी.एड.

परिचारिकेच्या कामाविषयी आपल्या घरांतून जी कुजबुज होते ती मी ऐकली आहे. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांची सेवा करावी लागते, लग्न जमत नाही. त्यावर मी एवढेच विचारतो की, आपल्या घरची स्त्री दवाखान्यात दाखल झाली तर तिच्या अंगाला हात लावणारी परिचारिका स्त्री असावी असे आपणच म्हणतो ना? मग ती कोणाच्या तरी घरची मुलगी असणार. ती नेहमी दुसऱ्याच्याच घरची का असावी? इस्लामच्या आरंभीच्या काळात मदिनेत रुफैदा नावाच्या स्त्रीने जखमींची शुश्रूषा केली, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. मग आपल्याच मुलीने अर्ज आणला की तो कपाटात ठेवतो. केरळातील परिचारिकांनी गेल्या पन्नास वर्षांत आखातात, युरोपात नोकऱ्या करून आपली घरे उभी केली, भावंडांना शिकवले. आपले पुरुष त्याच आखातात हमाली आणि ड्रायव्हरी करत होते. हे मी कोणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. माझ्याच कुटुंबातील माणसे त्यांत होती. पगाराचे आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे पटते.

रात्रपाळीचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर संस्थांनी द्यायचे असते. रुग्णालयाच्या आवारात वसतिगृह, रात्री पोहोचवायला गाडी, तक्रार ऐकणारी समिती. आपल्या शिक्षणसंस्थांनी गावोगावी आणखी एकेक सभागृह बांधण्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी मुलींचे एक चांगले वसतिगृह चालवले, तर निम्मे पालक आपण होऊन मुलीला पाठवतील. सभागृहावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते आणि वसतिगृहाच्या दरमहाच्या खर्चावर लागत नाही, ही अडचण आहे खरी.

विद्यार्थ्यांसाठी थोडी माहिती. बारावीनंतर सहायक परिचारिकेचा, ज्याला ए.एन.एम. म्हणतात, तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर जी मुलगी गणिताच्या किंवा प्रयोगवहीच्या भीतीने कला शाखा घेते, तिच्यासाठी बी.एस्सी. नर्सिंगचा दरवाजा त्याच दिवशी बंद होतो. शिक्षकांनी हे दहावीच्या वर्गात सांगावे, बारावीच्या निरोपसमारंभात नव्हे. प्रवेश घेताना त्या महाविद्यालयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही ते परिषदेच्या यादीत पाहावे, जाहिरातीत नव्हे. सहा महिन्यांत नर्स किंवा टेक्निशियन करून देतो म्हणणारे वर्ग तालुक्या-तालुक्याला निघाले आहेत. त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचे नाही. तंत्रज्ञांच्या इतर शाखांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. शिक्षणाचा दर्जा आणि नोंदणी ही आता त्याखाली येणार, तेव्हा अमान्य वर्गाचे पुढे कठीण होत जाईल.

आता एक गोष्ट, जी दुसऱ्या कोणत्याही समाजापेक्षा आपल्याजवळ अधिक आहे. परदेशी रुग्णाला पहिल्या दिवशी दुभाषा लागतो. आपली मुले लहानपणापासून अरबी वाचतात. पण वाचतात म्हणजे उच्चारतात. अरब मनुष्य पोटात कोठे दुखते ते सांगू लागला तर त्यांना एक अक्षर कळणार नाही. उलट, मस्कत-कुवेतला वीस वर्षे काढून परत आलेला आपला ड्रायव्हर किंवा दुकानावरचा मनुष्य व्याकरण जाणत नाही, पण त्याला ते दुखणे बरोबर समजते. अशी शेकडो माणसे आपल्या गावांत संध्याकाळी नाक्यावर बसून असतात. त्यांचे वय पन्नास-पंचावन्न, हातात काम नाही. त्यांच्याकडून आपल्या शाळेत आठवड्यातून दोन तास बोलीभाषेचा वर्ग चालवून घ्यायला काय हरकत आहे? शिकवणाऱ्याला मानधन मिळेल आणि मुलाला पोट, छाती, ताप, उलटी, औषध या शब्दांपासून सुरुवात करता येईल. जोडीला इंग्रजी हवीच, कारण रुग्णालयाचे सारे कागद इंग्रजीत असतात. दुभाष्याने चुकीचे भाषांतर केले तर चुकीच्या पायाचे ऑपरेशन होऊ शकते. म्हणून हे काम हौसेने करण्याचे नाही, शिकून करण्याचे आहे. शिवाय दुभाष्याने दलाल होऊ नये. रुग्णाला अमुकच ठिकाणी नेऊन टक्केवारी खाणारे दुभाषे मुंबईत मी पाहिले. त्यांनी चार वर्षे भरपूर पैसा केला, पाचव्या वर्षी त्यांच्याकडे रुग्ण फिरकेना.

खाण्याचेही असेच. हलाल जेवण आपल्याला सहज जमते, पण मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचे जेवण निराळे. डायलिसिसच्या रुग्णाला नारळपाणी चालत नाही, कारण त्यात पोटॅशियम फार. आणि आपण तर पाहुणा आला की पहिल्यांदा शहाळे फोडतो! असा एखादा तपशील ठाऊक नसल्याने माणूस दगावतो. आहारशास्त्र शिकलेली एक मुलगी आणि कोकणी स्वयंपाक जाणणारी तिची आई, यांनी मिळून रुग्णांच्या डब्यांचे काम सुरू केले तर त्याला भांडवल फारसे लागणार नाही. आजही जिल्हा रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नातेवाइकांना त्याची गरज आहे. परदेशी रुग्ण येईपर्यंत थांबायचे कारण नाही.

आखातातून पैसे पाठवणाऱ्यांना माझी सूचना आहे. तिसरा प्लॉट घेण्यापूर्वी विचार करावा. चार-पाच कुटुंबांनी मिळून, शिकलेला फिजिओथेरपिस्ट हाताशी धरून, तळमजल्यावर रुंद दरवाजाची एक जागा आणि व्यायामाची साधने एवढ्यावर प्रारंभ करता येतो. पहिले रुग्ण आपल्या पंचक्रोशीतले असतील: महामार्गावर हाडे मोडलेले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आज ज्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला कोणी नाही असे. त्यांच्यावर हात बसला, नोंदी नीट राहिल्या, चार लोकांनी नाव घेतले, म्हणजे मुंबईचा डॉक्टर आपला रुग्ण विश्वासाने इकडे पाठवील. आणि मुंबईच्या डॉक्टरने पाठवला म्हणजे मस्कतचाही येईल. हा क्रम उलटा करता येत नाही. जे उलटा करू पाहतात त्यांच्या काचेच्या इमारती मी रिकाम्या पाहिल्या आहेत.

अध्यक्ष महाशयांनी मला अर्धा तास दिला होता, तो केव्हाच संपला. दहावी-बारावीच्या ज्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना प्रवेशाविषयी विचारायचे असेल त्यांनी चहानंतर पुढच्या बाकांवर यावे. मान्यताप्राप्त महाविद्यालयांची यादी मी बरोबर आणली आहे, तिच्या प्रती शाळेच्या कचेरीतही ठेवून जातो. माझी परतीची एस.टी. साडेपाचची आहे, तोपर्यंत मी येथेच आहे.